शुक्रवारची बेल

२ सप्टेंबर २००५, शुक्रवार

कंपनीने नवीन वर्षाला दिलेली ही डायरी इतके महिने कपाटात कोरीच पडून होती. आज क्षितिजा म्हणाली, बाबा, तुम्ही ब्लॉग लिहा. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरची डायरी, कुणीही वाचावी अशी. जिन्यात लोकांना अडवून तुम्ही जे सांगता ते तिथे लिहा, असं तिचं म्हणणं. यात टोमणा होता का ते कळलं नाही, पण कल्पना बरी आहे. मराठी टायपिंग मला अजून जमत नाही, एका ओळीला चहा गार होतो. म्हणून आधी इथे पेनाने लिहीन, मग ती टाईप करील.

ओळख अशी: चंद्रहास नेरूरकर, वय एकावन्न, मूळ गाव कुडाळकडे, आता माणिकपूर, वसई. पूर्वेला पत्र्याचे भाग ठोकून काढणारा कारखाना आहे, तिथे मेंटेनन्स सुपरवायझर. शिक्षण आयटीआय. कॉम्प्युटर कुठे क्लासला जाऊन शिकलो नाही, उघडून उघडून शिकलो. सोसायटीत कुणाचा पीसी अडला, टीव्हीवर मुंग्या आल्या, की मलाच बोलावतात. निदान बोलवायचे. हल्ली कमी झालंय, सगळ्यांकडे नवीन मशीनं आहेत, वॉरंटीतली.

शुक्रवारी इकडच्या कारखान्यांना सुट्टी. सुनंदा चर्चगेटला विमा कंपनीत जाते, क्षितिजा कॉलेजला. म्हणजे शुक्रवार माझा एकट्याचा. घर इतकं शांत असतं की मला बसवत नाही. मग मी काहीतरी उघडून ठेवतो.

पहिली टीप: यूपीएसच्या भरवशावर राहू नका. आमचा यूपीएस लाइट गेली की पूर्वी कुईकुई करून सावध करायचा. आता गपचूप बंद होतो आणि लिहिलेलं सगळं जातं. बॅटरी बदलली तरी तेच. बझर हलक्या प्रतीचा असणार. हल्ली कुठल्याही वस्तूचा बझर आधी जातो, हे माझं निरीक्षण आहे.

८ सप्टेंबर, गुरुवार

डिजिटल घड्याळाचा गजर बंद पडला म्हणून सेल बदलला, आतलं स्प्रिंग साफ केलं. तरी नाही. वैतागून टेबलावर टाकलं. ते क्षितिजाने उचललं आणि आता कॉलेजला घालून जाते. म्हणते, वाजतं की. तरुण मुलांच्या हाती गेल्या की वस्तू सुधारतात बहुतेक.

गणपतीचे दिवस. मंडपातल्या स्पीकरला सगळी सोसायटी कंटाळली आहे. मला तो बरा वाटला. निदान काय चाललंय ते समजतं.

१६ सप्टेंबर, शुक्रवार

कॉर्डलेस फोन परत घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने माझ्यासमोर कुणाशी तरी पाच मिनिटं आरामात बोलून दाखवलं. घरी आणला की लोक तोंडात गोळी धरून बोलल्यासारखे येतात. लाइनमन येऊन गेला, लाइन स्वच्छ आहे म्हणाला. त्याला काय कळतं.

टीप: फोन डाव्या कानाला लावावा, जास्त स्पष्ट येतो. कारण सापडलेलं नाही. बहुधा रिसीव्हरची बनावटच तशी असते.

दुसरी टीप: इंटरनेट जोडताना मॉडेम शिट्टी मारतो, त्यावर विसंबू नका, पडद्यावर बघा. माझ्या मॉडेमने शिट्टी मारणं सोडून दिलंय, जोडला मात्र व्यवस्थित जातो.

२१ सप्टेंबर, बुधवार

सुनंदा आज कामावरून आली ती हसतच. चपला काढता काढता म्हणाली, रिक्षा बास झाली. मी म्हटलं, उत्तम, चालत जात जा, स्टेशन काही लांब नाही, तब्येतीलाही बरं. ती तशीच स्वयंपाकघरात गेली. पेढ्यांचा पुडा आणला होता. कशाचे विचारलं तर म्हणाली, असेच.

अलीकडे ती तोंडातल्या तोंडात बोलते. दिवसभर ऑफिसात बोलून दमत असेल. क्षितिजाचंही तेच, शब्द अर्धे खाते. दोघी एकमेकींशी मात्र भरभर बोलत असतात आणि मी गेलो की थांबतात. घरात पाहुण्यासारखं वाटायला लागलंय मला.

३० सप्टेंबर, शुक्रवार

समोरच्या दाराच्या मटिल्डा टीचर न्हाणीघरात घसरल्या. मुका मार लागला, हाड वाचलं. त्या इथल्या मराठी शाळेत आयुष्यभर शिकवून रिटायर झाल्या. सत्तरीच्या पुढे वय, साखरेचा आजार, एकट्या राहतात. मुलगा गॅब्रिएल मस्कतला असतो. बहीण हेलनबाई भुईगावला, वाडीत भाजी आणि मोगरा करतात, आठवड्यातून एकदा एसटीने भाजी घेऊन येतात. सोसायटीत लहानथोर सगळे त्यांना टीचरच म्हणतात. त्या मला नुसतं नेरूरकर म्हणतात, वर्गात हजेरी घ्यावी तसं.

गॅब्रिएलने मस्कतहून फोन केला. त्याचं बोलणं मला नीट येईना, शेवटी सुनंदाने घेतला. आईसाठी काहीतरी सोय करता येईल का, असं विचारत होता. मी म्हटलं, माझ्यावर सोपव. पुष्कळ दिवसांनी डोक्याला काम मिळालं.

९ ऑक्टोबर, रविवार

झालं. परवा लॅमिंग्टन रोडला जाऊन बिनतारी बेल आणली. बटण वेगळं, पेटी वेगळी. बटणाला काळी दोरी लावून टीचरांच्या गळ्यात घातलं, क्रॉसच्या शेजारी. पेटी आमच्या हॉलमध्ये, कॉम्प्युटरच्या वरच्या फळीवर. दोन्ही सेलवर चालतात, म्हणजे लोडशेडिंगची भीती नाही. पेटीवर लाल दिवा आहे आणि आत निरनिराळे आवाज आहेत. क्षितिजाने पाखराच्या चिवचिवाटाचा निवडला. मंजूळ आहे म्हणे.

टेस्टिंग पद्धतशीर केलं. टीचरांच्या न्हाणीघरातून, गॅलरीतून, ओट्यापाशी उभं राहून, सगळीकडून बटण दाबलं. प्रत्येक वेळी सुनंदा आमच्या दारात येऊन मान हलवायची. शंभर टक्के निकाल.

टीचर खुर्चीत बसून माझी धावपळ बघत होत्या. म्हणाल्या, "नेरूरकर, तुम्हाला ऐकू येईल ना?"

मी म्हटलं, "टीचर, शेजारच्या विंगला ऐकू जाईल."

नंतर चहा करायच्या निमित्ताने त्यांनी सुनंदाला आत नेलं आणि बराच वेळ खाली आवाजात काहीतरी सांगत होत्या. बायकांची कामं.

ब्लॉगसाठी हा लेख पहिला टाकायचा: वृद्धांसाठी स्वस्त आणि खात्रीची सोय.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

कारखान्यात फोर्कलिफ्टने मला जवळजवळ चिरडलंच असतं. रिव्हर्स घेताना त्याचा हॉर्न वाजायला पाहिजे. ड्रायव्हर म्हणतो वाजत होता, आणि इतर चौघांनी त्याची बाजू घेतली. मी मॅनेजरकडे लेखी तक्रार दिली. मॅनेजर माझ्याकडे चमत्कारिक नजरेने बघत होता.

घरी सांगितलं तर सुनंदा म्हणाली, अहो, एकदा कान दाखवून घेऊ. म्हणजे फोर्कलिफ्टचा हॉर्न बिघडला तर माझे कान दाखवायचे. तिला सांगितलं, कंपनी कानात घालायला बोळे देते ते मी कधी घातले नाहीत, कारण पत्रा ठोकणाऱ्या प्रेसचा बिघाड मी लांबून नुसत्या ठोक्यावरून ओळखतो. बोळे घातले तर ओळखू कसा? ज्या माणसाची रोजीरोटी कानावर आहे त्याला कान दाखवायला सांगते.

तरी मळ असेल म्हणून तेल घातलं.

२ नोव्हेंबर, बुधवार

दिवाळी. यंदाचे फटाके फुसके. लवंगी माळ तर नुसतीच धूर काढते.

२६ नोव्हेंबर, शनिवार

काल घडलं ते जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

शुक्रवार असल्याने मी एकटा घरी. जेवून कॉम्प्युटर उघडला. पंख्यात धूळ फार झाली होती. ब्रशने एकेक पातं साफ केलं, प्रोसेसरवर नवी पेस्ट लावली, रॅम काढून खोडरबराने पुसली. काम छान लागलं होतं. संध्याकाळ झाली तेव्हा दार उघडून सुनंदा धावतच आत आली, मागे हेलनबाई. सुनंदाने खिळ्यावरची टीचरांची किल्ली ओढली आणि तशीच बाहेर पळाली. मी मागे गेलो.

टीचर स्वयंपाकघरात जमिनीवर पडल्या होत्या. एक पाय विचित्र वळला होता. ओठ कोरडे पडलेले. दुपारी औषधाला पाणी घ्यायला उठल्या आणि चक्कर आली. म्हणजे सगळी दुपार त्या तिथे होत्या. बटण मुठीत होतं. मी ते सोडवायला गेलो तर बोटं सुटेनात. डोळे उघडे होते. माझ्याकडे बघून त्यांनी ओठ हलवले, काय ते कळलं नाही.

खुब्याचं हाड मोडलंय. सोमवारी ऑपरेशन.

बेल वाजली नाही. मी पेटीपासून हातभर अंतरावर बसलो होतो. दुपारभर तिथून उठलोही नाही. वाजली असती तर ऐकली असती.

दवाखान्यात हेलनबाई रडत सांगत होत्या की त्या जिन्यात उभ्या राहून टीचरांचं दार वाजवत होत्या, आमचंही दार वाजवलं, आणि आमच्या घरातून पाखरू ओरडल्यासारखं सारखं येत होतं. जिन्याच्या खिडकीत चिमण्यांचं घरटं आहे. त्याचा आवाज असणार. बाई घाबरलेल्या होत्या.

२७ नोव्हेंबर, रविवार

गच्चीवर मोबाइल कंपनीचा टॉवर बसवलाय. त्याच्या लहरींमुळे बटणाचा सिग्नल अडला असणं अगदी शक्य आहे. दुसरं, माझा कॉम्प्युटर उघडा होता. तिसरं, सेल. सेल तपासले, भरलेले आहेत.

गॅब्रिएलचा फोन आला. आवाज चढवून बोलत होता त्यामुळे कळलं. म्हणाला, अंकल, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, चायनाचा माल, त्याचा काय भरवसा. मी हो म्हटलं. सुनंदा शेजारी उभी होती, ती आत निघून गेली.

बेलच्या पेटीवर कंपनीचा पत्तासुद्धा छापलेला नाही. कुणाला जाब विचारायचा?

२ डिसेंबर, शुक्रवार

आज क्षितिजा कॉलेजला गेली नाही. म्हणाली, बाबा, बेलचा काय तो निकाल लावू. टीचरांच्या घरातून बटण आणलं होतं. मला पेटीसमोर बसवलं आणि ती माझ्या मागे दारात उभी राहिली.

लाल दिवा लागला. विझला. पुन्हा लागला.

मी म्हटलं, बघ, दिवा लागतोय म्हणजे सिग्नल पोचतोय. आवाज नाही म्हणजे आतला स्पीकर गेला. सोल्डर सुटलं असेल, पाच मिनिटांचं काम आहे.

वळून बघितलं. ती बटण दाबतच होती आणि तिचे डोळे भरले होते. जवळ येऊन माझ्या तोंडासमोर बसली आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "बाबा, ती वाजतेय. आत्ताही वाजतेय."

मी पेटी उचलून कानाला लावली. मग दुसऱ्या कानाला. तळहातावर बारीक थरथर लागत होती.

स्क्रू ड्रायव्हर आणला, पेटी उघडली. स्पीकर जागच्या जागी होता. सोल्डर पक्कं.

६ डिसेंबर, मंगळवार

कुणाशी बोललो नाही. कारखान्यातही नाही. प्रेसचा ठोका ऐकू येतो. ट्रक ऐकू येतो, मिक्सर ऐकू येतो, सुनंदाने भांडं आपटलेलं ऐकू येतं. बहिऱ्या माणसाला हे ऐकू येईल का?

मला वाटतं त्या पेटीचा आवाजच चमत्कारिक आहे.

९ डिसेंबर, शुक्रवार

अंदाजावर विश्वास ठेवायचा नाही, मोजायचं, हे मी नव्या पोरांना शिकवतो. मग स्वतःलाही तोच नियम लावला.

इंटरनेटवरून एक छोटा प्रोग्राम उतरवला. हवा तितका जाड किंवा बारीक सूर कॉम्प्युटरमधून काढता येतो. सुराचा आकडा टाकायचा, पडद्यावर नागमोडी रेघ पळते आणि हेडफोनमध्ये सूर येतो. जाड सुरापासून सुरुवात केली. भोंग्यासारखा, स्पष्ट. आकडा वाढवत गेलो. दोन हजारापर्यंत ठीक. पुढे सूर बारीक न होता लांब लांब जायला लागला, कुणीतरी वाजवत वाजवत रस्त्याने निघून जावं तसा. आणखी थोडं वाढवलं आणि तो गेला. रेघ पडद्यावर पळतच होती.

हेडफोन बदलला. क्षितिजाचा लावला. केबल बदलली. शेवटी हेडफोन काढून मोठे स्पीकर लावले आणि आवाज पूर्ण वर नेला. शांत. चार हजार, पाच हजार, सहा हजार. शांत. तेवढ्यात आतून सुनंदा कानांवर हात घट्ट दाबून धावत आली आणि तिने स्विचच बंद केला. आज तिने रजा टाकली होती हे मला माहीत नव्हतं. सकाळी सांगितलं होतं म्हणे.

ती ओरडली नाही. माझ्या शेजारी स्टुलावर बसली. पडद्यावरचा आकडा तिने वाचला.

मी म्हटलं, कधीपासून?

तिने बोटं मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं.

१४ डिसेंबर, बुधवार

कानाची तपासणी झाली. बोरिवलीला एक बाई करतात. जाड दाराच्या छोट्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन, आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबा, म्हणाल्या. ते बटण हातात घेतल्यावर मला काही सुचेना. टीचरांची मूठ दिसायला लागली. बाईंनी काचेपलीकडून विचारलं, बरं वाटतंय ना?

खरं लिहितो. काही वेळ मी आवाज न ऐकताच दाबत होतो. मशीनची एक लय असते, ती धरून अंदाजाने. बाईंनी लगेच ओळखलं. म्हणाल्या, इथे पास व्हायचं नसतं.

नंतर कागदावर आलेख दाखवला. डावीकडे सपाट, मग कड्यावरून खाली उतरावं तशी रेघ. उजवा कान जास्त गेलेला. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. स, श, फ, च असली अक्षरं गळून पडतात, त्यामुळे माणसं पुटपुटल्यासारखी वाटतात. किती वर्षं प्रेसजवळ काम करता, कानात काही घालता का, हे विचारलं. मी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, रागावल्या नाहीत. दुरुस्तीचं विचारलं तर म्हणाल्या, गेलेलं परत येत नाही. मशीन लावायचं, आणि ऐकायची पुन्हा सवय करायची.

परत येताना स्टेशनवरच्या बाकावर बसलो होतो. सुनंदा माझ्या डाव्या बाजूला बसली. आठवलं, ती कितीतरी दिवस डावीकडेच बसते. तिला म्हटलं, मला आणखी काय काय ऐकू आलेलं नाही?

ती म्हणाली, "मी परीक्षा पास झाले हे सांगायला आले होते. तुम्ही म्हणालात, चालत जात जा."

अधिकाऱ्याच्या परीक्षेला ती बसली होती हेही मला ठाऊक नव्हतं. तेही तिने सांगितलं असणार. मी विचारलं, मग पुन्हा का नाही सांगितलंस? ती म्हणाली, पुन्हा सांगायला लागलं की त्यातला आनंद जातो, मग नुसती माहिती उरते. माहितीसाठी कोण इतकं ओरडेल.

गाडी आली तेव्हा तिने माझा दंड धरला. रागाने नव्हे.

२३ डिसेंबर, शुक्रवार

मशीन मिळालं. दोन्ही कानांना. चणाडाळीएवढा सेल बसतो.

लोकांना वाटेल याने ऐकू यायला लागलं की माणूस खूश होत असेल. मला काढून फेकावंसं वाटतंय. वर्तमानपत्र चुरगळलं की पत्रा फाटल्यासारखं होतं. नळ, चपला, पंखा, सगळं अंगावर येतं. माझा स्वतःचा आवाज मडक्यातून आल्यासारखा. सुनंदाच्या बांगड्या इतक्या वाजतात हे माहीत नव्हतं.

आणि ती आता बोलतच नाही फारसं. मी मशीन घालून समोर बसून राहतो. काय झालं ऑफिसात, विचारतो. ती म्हणते, विशेष काही नाही. मग हसून म्हणाली, सवय गेली हो.

टीप: सेल बदलताना खाली टॉवेल पसरावा, नाहीतर शोधत बसावं लागतं. याहून जास्त मला या यंत्राबद्दल अजून काही कळलेलं नाही.

टीचरांचं ऑपरेशन नीट झालं. हेलनबाईंनी त्यांना भुईगावला नेलंय. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, तीन मजले चढणं इतक्यात शक्य नाही. गॅब्रिएल नाताळसाठी आलाय. क्षितिजा काल जाऊन आली. मी गेलो नाही. अजूनही त्या घरात सगळ्यांना हेच वाटतं की बेल खराब निघाली.

२८ डिसेंबर, बुधवार

गॅब्रिएल फ्लॅटमधलं सामान न्यायला आला होता. जाताना आमच्याकडे डोकावला, नाताळचा केक दिला. माझ्या कानाकडे त्याची नजर गेली. मी त्याला बसवलं आणि सांगितलं. बेल चांगली होती, दुपारभर वाजत होती, मी तिच्याच खाली बसलो होतो.

त्याने केकचा डबा टेबलावर सरळ केला, पुन्हा सरळ केला. शेवटी म्हणाला, "अंकल, हे मम्मीला तुम्ही सांगा. मी नाही सांगणार." आणि गेला. त्याने दार आपटलं नाही, हळूच लावलं. लॅचचा आवाज मशीनमधून फार मोठा आला.

६ जानेवारी २००६, शुक्रवार

नवीन डायरी मिळाली नाही. या डायरीत जानेवारीची पानं कोरी आहेत, त्यातच लिहितो.

सकाळी एसटीने भुईगावला गेलो. उभ्यानेच, खांबाला धरून. खडखड सहन होईना म्हणून वाटेत मशीन काढून खिशात ठेवलं होतं, उतरल्यावर पुन्हा घातलं. हेलनबाईंचं घर वाडीच्या आत आहे, दोन्ही बाजूंना केळी. हेलनबाई पाण्याचा पाट मोकळा करत होत्या. मला बघून त्यांनी नुसतं ओटीकडे बोट केलं. त्यांचं बरोबर आहे.

टीचर ओटीवर खुर्चीत होत्या, शेजारी वॉकर. फार बारीक झाल्यात. गॅब्रिएल परत गेला. मी उभाच राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं. बेल बिघडलेली नव्हती. मला ऐकू येत नव्हतं, आणि येत नाही हे मला कळत नव्हतं. इतकंच ठरवून गेलो होतो, पुढचं काही ठरवलं नव्हतं.

त्या म्हणाल्या, "बसा. मला माहीत आहे."

कधीपासून माहीत आहे, हे विचारायचं धाडस होईना. त्यांनीच सांगितलं. चाळीस पोरांच्या वर्गात कुणाला ऐकू येत नाही हे त्या पहिल्या आठवड्यात ओळखत. मला तर त्यांनी जिन्यातच ओळखलं होतं. सुनंदाला दोनदा सांगितलं होतं, यांना डॉक्टरकडे ने म्हणून. बेल त्यांनी लावून घेतली कारण सकाळ-संध्याकाळ आणि रात्री सुनंदा किंवा क्षितिजा घरात असतातच, आणि मी इतक्या हौसेने आणली होती.

"त्या दिवशी पडल्यावर बटण दाबलं," त्या म्हणाल्या, "आणि मग आठवलं, आज शुक्रवार."

मी म्हटलं, "मग दाबत का राहिलात?"

"तुम्ही घरात आहात एवढं ठाऊक होतं. म्हटलं, कधीतरी मान वर कराल. दिवा दिसेल."

फळी माझ्या डोक्यावर होती. सगळी दुपार मी मान खाली घालून पंख्याची पाती पुसत होतो. मला बसवेना. उठलो, ओटीच्या टोकापर्यंत गेलो, परत आलो. टीचरांनी समजूत घातली नाही. मला वाटलं होतं घालतील. त्या केळींकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, दुखतं अजून, विशेषतः पहाटे. मग म्हणाल्या, मशीन लावून काय फरक पडला?

मी खरं सांगितलं. नुसता गोंगाट येतो, शब्द येत नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणतात सवय करा, पण सवय कशी करायची ते कुणी सांगत नाही.

हे ऐकून त्या ताठ बसल्या. इतक्या वेळात पहिल्यांदा मला आमच्या समोरच्या दारातल्या टीचर दिसल्या. "खुर्ची फिरवा," म्हणाल्या. "माझ्याकडे पाठ करा. तोंड बघून ओळखायचं नाही."

मी खुर्ची फिरवली. मागून त्या एकेक शब्द म्हणू लागल्या आणि मी तो पुन्हा म्हणायचा. सकाळ. मी म्हटलं, अकाल. पुन्हा, त्या म्हणाल्या. फणस मला अणस आला. चमचा बरोबर आला. शिडी, विडी झाली. एक-दोन चुकल्यावर मी गप्प राहायला लागलो तशा म्हणाल्या, चुकलं तरी मोठ्याने म्हणायचं, गप्प बसलात तर मला कसं कळणार कुठे अडलं. एकावन्नाव्या वर्षी मी भुईगावच्या ओटीवर बसून अणस, विडी, अकाल करत होतो. हेलनबाई हातातलं काम थांबवून बघत होत्या. मग त्यांनीही पाटाजवळून एक शब्द टाकला. तो मला अजिबात कळला नाही. टीचर म्हणाल्या, तो आमच्या बोलीतला आहे, तो सोडा.

वाक्यं सुरू केली तेव्हा ऊन ओटीवर आलं होतं. छोटी वाक्यं जमली. शेवटी त्यांनी एक लांब वाक्य म्हटलं. मशीन आवाज आणून देत होतं, पण शब्द एकमेकांत गुंतलेले. सुरुवातीला माझं नाव होतं बहुतेक, शेवटी शुक्रवारी या असं काहीतरी. मधलं काहीच लागेना.

मान डोलवून हो म्हणणं माझ्या तोंडावर आलं होतं. इतकी वर्षं मी तेच करत आलो असणार, घरी, कारखान्यात, फोनवर. ते गिळलं.

म्हटलं, "टीचर, नाही कळलं. पुन्हा सांगा."

त्यांनी पुन्हा सांगितलं. अगदी तितक्याच हळू, शब्दाला शब्द लावून.